आवाज, ओघळ आणि ऊब : पिकअपचा ॲक्सल कसा तपासावा

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम भरात आला की पिकअपांची रांग लागते. क्रेटवर क्रेट चढतात, ताडपत्री ओढली जाते, दोर आवळला जातो आणि गाडी आळेफाटा, ओतूर, माळशेज करत कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजाराकडे निघते. पहाटेचा बाजार चुकला तर दर हातचा जातो, म्हणून घाई सगळ्यांनाच असते. निघण्यापूर्वी चालक टायरची हवा बघतो, डिझेलचा काटा बघतो, दिवे लागतात का ते बघतो. गाडीखाली वाकून मात्र सहसा कोणी बघत नाही. सगळ्या मालाचे ओझे पेलणारा आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारा मागचा ॲक्सल तिथेच असतो.

हा ॲक्सल क्वचितच एका दिवसात जातो. तो आधी आठवडे, कधी महिने, इशारे देत राहतो : एखादा घुमणारा आवाज, चाकाच्या आतल्या बाजूने उतरलेला तेलाचा ओघळ, एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापणे. हे इशारे वेळीच वाचले तर काम काही शे रुपयांच्या सीलवर किंवा एका बेअरिंगवर भागते. दुर्लक्ष केले तर तोच बिघाड शाफ्ट, ड्रम, क्राऊन-पिनियन असा एकेक भाग खात जातो, आणि घाटातल्या उतारावर चाकच गाडी सोडून जाण्याची वेळ येऊ शकते. पिकअपवर घर चालवणाऱ्या माणसाला हे वाचन जमणे शक्य आहे. त्यासाठी आत काय चालते एवढे ठाऊक असावे लागते.

जुनी मांडणी, आजचे ओझे

गावोगाव धावणाऱ्या पिकअपच्या खालची मांडणी बरीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपची जोडणी महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. त्यानंतर १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००० मध्ये बोलेरो आली आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’. आकार बदलले, इंजिने बदलली, पण इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणे आणि त्या दोन चाकांना एकाच अखंड लोखंडी हाऊसिंगने जोडून ते पाट्यांवर बसवणे, ही पद्धत टिकली. प्रवासी मोटारींनी ती बऱ्याच अंशी सोडून दिली. मालवाहू गाड्यांनी सोडली नाही, कारण ती दणकट आहे, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गॅरेजातही दुरुस्त होते.

गिअरबॉक्समधून एक लांब शाफ्ट मागे येतो. तो पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक फिरवतो. पिनियन क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळते. हाऊसिंगच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो, तो म्हणजे या जोडीचे घर. तिथून दोन्ही बाजूंना एकेक पोलादी शाफ्ट चाकाकडे जातो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी छोट्या दातेरी चाकांची रचना क्राऊनला जोडलेली असते. तीच डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशी रचना मांडली होती, आणि तिचे तत्त्व आजच्या पिकअपमध्येही तसेच आहे.

चाकाजवळ येते बेअरिंग. चाकावर दोन तऱ्हांचे जोर पडतात : ओझ्याचा वरून खाली, आणि वळणावर बाजूने. अमेरिकेत घोडागाड्या बांधणारे हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये ज्या टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट मिळाले, ते हे दोन्ही जोर एकाच वेळी झेलते. त्याचे रोलर एका टोकाला निमुळते असतात आणि तिरक्या कडीत फिरतात. गॅरेजात या जोडीला सरळ कप-कोन म्हणतात. पुढच्या हबमध्ये अशी दोन बेअरिंगे असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान.

मागच्या ॲक्सलचे दोन मुख्य प्रकार मालकाला माहीत असायलाच हवेत, कारण धोका दोन्हींत सारखा नाही. ४०७ सारख्या मोठ्या गाड्यांत बहुधा फुल फ्लोटिंग ॲक्सल असतो. त्यात हब हाऊसिंगच्या नळीवर दोन बेअरिंगांवर बसतो. गाडीचे वजन हाऊसिंग पेलते आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. शाफ्ट तुटला तर गाडी थांबते, पण चाक जागेवर राहते. सेमी फ्लोटिंग प्रकारात शाफ्ट चाक फिरवतोही आणि ओझे पेलतोही. चाक थेट शाफ्टच्या चकतीवर बसलेले असते. इथे बाहेरच्या टोकाशी शाफ्ट तुटला किंवा बेअरिंगची पकड सुटली, तर चाकासकट शाफ्टच बाहेर येऊ शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. चाकाच्या मध्यातून हबचा जाड गोल भाग पुढे आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचे कडे दिसत असेल, तर ॲक्सल फुल फ्लोटिंग आहे.

कान काय ऐकतो

तपासणी सुरू होते ती गाडी चालवताना. वेगाबरोबर वाढत जाणारा ‘घूं’ असा आवाज टायरचाही असू शकतो आणि बेअरिंगचाही. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर घ्यावा. रस्ता बदलूनही आवाज तसाच राहिला तर बेअरिंगवर. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुकवून पाहावी. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते. त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा उजव्या बाजूचे बेअरिंग गेलेले असते.

बारीक, शिट्टीसारखा आवाज ॲक्सिलरेटर दाबताना येतो आणि सोडला की बदलतो किंवा थांबतो, तेव्हा क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगकडे बघावे लागते. फक्त वळणावरच खरखर येत असेल तर डिफरन्शियलमधली छोटी दातेरी चाके झिजलेली असू शकतात. क्लच सोडताना किंवा पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकताना ‘ठक्’ असा धक्का बसला तर आधी शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस तपासावेत. ते स्वस्त आहेत आणि बदलायला सोपे आहेत. त्यांना सोडून थेट हाऊसिंग उघडणे म्हणजे मालकाचा फुकट खर्च.

डोळा काय पाहतो

गाडी सपाट जागी उभी करून टॉर्च घेऊन खाली बघावे. चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पत्र्याच्या खालच्या कडेला ओला, धूळ चिकटलेला ओघळ दिसला तर तेल कुठून येते ते शोधलेच पाहिजे. मागच्या शाफ्टचे ऑइल सील गेले की गिअर ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि लायनर भिजतात. भिजलेला लायनर पकड सोडतो, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. मालाने भरलेली गाडी माळशेजच्या उतारावर असताना ही ओढ जीवघेणी ठरू शकते. तेलाने भिजलेले लायनर पुसून, उन्हात वाळवून किंवा जाळून परत बसवू नयेत. तेल आत मुरलेले असते. ते बदलावेतच.

इथे एक छोटा भाग हमखास विसरला जातो. हाऊसिंगच्या वरच्या बाजूला एक लहानशी टोपी किंवा नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतले तेल आणि हवा तापते, हवा प्रसरण पावते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. शेतातल्या रस्त्याची माती, चिखल आणि जुने तेल बसून ब्रीदर बुजला की त्या हवेला वाट राहत नाही. मग दाब वाढतो आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकलले जाते. ‘दोन महिन्यांत तिसऱ्यांदा सील बदलले, तरी गळतेच’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत सीलचा दोष नसून ब्रीदरचा असणे ही नेहमीची गोष्ट आहे. टोपी काढून रॉकेलमध्ये धुणे आणि तारेने छिद्र मोकळे करणे, एवढ्यावर काम होते.

सील वारंवार जाण्याचे दुसरे कारण शाफ्टवरच असते. सीलचा रबरी ओठ वर्षानुवर्षे त्याच जागी घासून पोलादावर बारीक चर पाडतो. नखाने तो जाणवतो. त्या चरावर नवे सील बसवले तरी तेल झिरपत राहते. अशा वेळी चरावर पातळ बाही चढवणे किंवा शाफ्ट बदलणे, हे दोनच मार्ग उरतात.

पाट्यांकडेही बघावे. ॲक्सलला पाट्यांशी आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले झाले की पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर सगळा मार येतो आणि तो तुटतो. मग ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ती तिरकी चाल स्पष्ट दिसते. यू-बोल्टाभोवती चमकलेली, घासलेली जागा किंवा गंजाची लाल पूड दिसली तर तिथे हालचाल चालू आहे असे समजावे. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला जास्त झिजलेले असतील तर हाऊसिंग ओझ्याने वाकलेले असू शकते. हाऊसिंगला तडा गेला असेल तर रस्त्याकडेच्या वेल्डिंगने तो बुजवू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी आणखी वाकते, आणि शाफ्ट, सील व बेअरिंग तिघांनाही पुढे त्रास होतो.

हात काय सांगतो

वीस-तीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही हबांजवळ हात न्यावा. आधी फक्त जवळ, मग उलट्या हाताने हलका स्पर्श. ब्रेकमुळे हब थोडे तापतातच, म्हणून एकाच हबची ऊब फारसे काही सांगत नाही. डाव्या-उजव्यातला फरक सांगतो. हल्ली बंदुकीसारखे दिसणारे, न टेकवता तापमान मोजणारे यंत्र अनेक गॅरेजांत असते. हाताला चटका बसण्यापेक्षा ते बरे, आणि आकडा लिहूनही ठेवता येतो.

त्यानंतर जॅक. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडी उचलली की चेसिसखाली किंवा ॲक्सलखाली भक्कम घोडी लावावी, आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यावेत. मागचा ॲक्सल उचलला की हँडब्रेकचा भरवसा उरत नाही, कारण बहुतेक पिकअपांत तो मागच्याच चाकांवर काम करतो. विटांच्या थरावर किंवा रिकाम्या डिस्कवर गाडी टेकवून कोणी खाली शिरत असेल तर त्याला बाहेर ओढावे.

चाक मोकळे झाले की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हात ठेवून ते हलवावे. ठकठक जाणवली तर बेअरिंगमध्ये प्ले आला आहे. पुढच्या चाकाला किंगपिन किंवा बॉल जॉइंटही असू शकतो. खात्री करायला साथीदाराला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. नऊ आणि तीनच्या जागी धरून पुढचे चाक हलले तर स्टिअरिंगच्या सांध्यांकडे वळावे. शेवटी चाक हाताने फिरवून दुसरा हात पाट्यावर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

उघडल्यावर

हाऊसिंगचे तेल काढण्याआधी वरचा, तेल भरण्याचा प्लग सुटतो का ते बघावे. खालचा प्लग आधी उघडला, तेल सांडून गेले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर नवे तेल भरायला वाट राहत नाही.

खालच्या प्लगला बहुधा चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ लगदा जमलेला असेल तर ती रोजची झीज आहे, घाबरण्याचे कारण नाही. बोटांत टोचणारे तुकडे, चमकदार पापुद्रे किंवा दाताचा कोपरा सापडला तर हाऊसिंग उघडावेच लागते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत बुडालेल्या गाड्यांना हा धोका होता, पण त्यासाठी पूर यावाच लागतो असे नाही. लांब पल्ला मारून तापलेला ॲक्सल फरशी पुलावरच्या पाण्यात शिरला की आतली हवा झटकन आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ठेवू नये.

तेल कोणते, यालाही महत्त्व आहे. बहुतेक पिकअपांच्या क्राऊन-पिनियनमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेले असते. त्यामुळे दातांचा मोठा भाग एकमेकांत येतो आणि आवाज कमी होतो, पण दात एकमेकांवर जोरात घसरतात. ती घसरण साधे तेल सोसू शकत नाही. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घातलेले गिअर ऑइल लागते, ज्याच्या डब्यावर ‘जीएल-५’ लिहिलेले असते. त्याचा उग्र वास या गंधकाचाच. घरात उरलेले इंजिन ऑइल ओतून वेळ मारून नेली तर दातांची पृष्ठे काही दिवसांतच सोलवटतात. गाडी सपाट जागी ठेवून, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत तेल यावे. त्याहून जास्त भरले तर सील गळू लागते.

एक बेअरिंग नीट बसवताना

पुढच्या हबचे काम पाहण्यासारखे असते. मेस्त्री टोपी काढतो, स्प्लिट पिन सरळ करून ओढतो, नट सोडतो, आणि बाहेरचे बेअरिंग तळहातावर येते. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन निघाले की खरी हालत दिसते. रोलरवर निळसर किंवा तपकिरी छटा असेल तर बेअरिंग जळले आहे. कडीवर सोललेले खड्डे असतील तर पोलाद थकले आहे. ठरावीक अंतराने आडवे ठसे असतील तर मोठे धक्के बसले आहेत किंवा कोणी हातोड्याने ते बसवले आहे. यातले काहीही दिसले तरी कप आणि कोन दोन्ही बदलायचे. जुन्या कपात नवा कोन टाकून पैसे वाचत नाहीत. जुन्या कपातले खड्डे नव्या रोलरांना थोड्याच दिवसांत खराब करतात.

धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याची सवय पुष्कळ गॅरेजांत आहे. ती मोडली पाहिजे. कोरडे बेअरिंग त्या वेगाने फिरले की रोलर खरचटतात, आणि पिंजरा तुटून एखादा रोलर उडाला तर डोळा जातो. ब्रेकच्या ड्रममधली धूळही हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती छातीत जाणे वाईट.

नवा कप हबमध्ये पितळी दांडीने चारी बाजूंनी सारखा ठोकत बसवतात. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, आणि मुरलेला मेस्त्री त्या आवाजावर थांबतो. मग ग्रीस : तळहातावर गोळा घेऊन कोनची रुंद बाजू त्यावर दाबत राहायचे, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीसच्या शेवया वर येईपर्यंत. दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नयेत, आणि हबची सगळी पोकळी ठासून भरू नये. जादा ग्रीस घुसळले जाऊन तापते.

सगळ्यात नाजूक काम शेवटच्या नटाचे. चाक हाताने फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो मागे घ्यायचा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आणायचा. टेपर बेअरिंगला मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी इतकी मोकळीक लागते. ‘ढिले नको’ म्हणून लांब पान्याने करकचून आवळलेले बेअरिंग पहिल्याच लांब फेरीत जळू शकते. स्प्लिट पिन दर वेळी नवीच घालावी.

मागचा शाफ्ट

सेमी फ्लोटिंग ॲक्सलचा शाफ्ट काढायचा तर चाक आणि ड्रम काढून ब्रेकच्या पत्र्यामागचे बोल्ट सोडतात, आणि सरकत्या हातोड्याने शाफ्ट बाहेर खेचतात. अनेक गाड्यांत त्यावरचे बेअरिंग एका घट्ट चढवलेल्या पोलादी कडीने अडवलेले असते. ही कडी साधी दिसते, पण चाक आणि शाफ्ट हाऊसिंगमध्ये टिकून राहतात ते तिच्या पकडीवर. जुनी कडी काढताना तिला भोक पाडून छिन्नीने फोडतात. गॅसच्या ज्योतीने कापणे चुकीचे आहे, कारण शाफ्टचे बाहेरचे आवरण उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेले असते आणि आतला गाभा लवचीक ठेवलेला असतो. ज्योत लागली की ते आवरण मऊ पडते आणि पुढे तिथूनच शाफ्ट तुटतो. तुटलेला शाफ्ट वेल्डिंगने जोडून पुन्हा घालू नये, तो याच कारणाने.

नवे बेअरिंग प्रेसवर चढवताना दाब फक्त आतल्या कडीवर द्यायचा. बाहेरच्या कडीवर दाब पडला तर तो रोलरांमधून जातो आणि बेअरिंग पहिल्या दिवशीच जखमी होते. प्रेसखाली शाफ्ट नेण्याआधी एक गोष्ट मोठ्याने म्हणून तपासावी असे जुने मेस्त्री शागिर्दांना शिकवतात : बोल्टांची पट्टी शाफ्टवर आधी घातली आहे का? ती राहिली तर नुकतेच चढवलेले बेअरिंग आणि कडी दोन्ही फोडून काढावी लागतात.

शाफ्टच्या आतल्या टोकाच्या खाचा डोळ्यांसमोर धरून बघाव्यात. त्या सरळ असायला हव्यात. पिळल्यासारख्या तिरक्या दिसल्या तर शाफ्टने झेपेल त्याहून जास्त जोर सोसला आहे, आणि तो तुटायची वाट न बघता बदलावा. क्राऊन-पिनियन बदलायचे असेल तर जोडीनेच. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. बसवताना डायल गेजने दातांमधली मोकळीक मोजतात आणि दातांना रंग लावून त्याचा ठसा कुठे उमटतो ते पाहतात. हे माप न घेता नुसत्या अंदाजाने बसवलेली महागडी जोडीही लवकरच गाऊ लागते.

ओझ्याचा हिशेब

बेअरिंगच्या आयुष्याचे गणित अभियांत्रिकीत ठरलेले आहे. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या साधारण ३.३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे बेअरिंगवरचा भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्याखाली येते, दीडपट झाला की जवळजवळ चौथाई उरते, आणि दुप्पट झाला की एक दशांश.

हे टोमॅटोच्या भाषेत असे. भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा धरला, तर १,७०० किलो क्षमतेच्या पिकअपची मर्यादा पाऊणशे-ऐंशी क्रेटांवर संपते. त्यावर चढलेले वीस-पंचवीस क्रेट त्या फेरीला थोडे जास्त भाडे देतात; त्यांचा खर्च बेअरिंग, पाटे, सील आणि टायर यांच्या बिलात नंतर येतो. शिवाय कायदाही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आहेत, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी होते, पण तिथे हब उघडून बघितला जात नाही. तो बघण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

सुटे भाग घेताना पुण्यातल्या नाना पेठेसारख्या बाजारात एकाच बेअरिंगचे अनेक दर ऐकू येतात. जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचून, तोच क्रमांक नव्यावर आहे याची खात्री करावी. खोके नामांकित कंपनीचे, पण कोरीव अक्षरे पुसट, कडा खरबरीत आणि दर संशय यावा इतका कमी, असे असेल तर तो माल परत करावा. पक्के बिल मागावे. मोडीतून काढलेला शाफ्ट घ्यायचीच वेळ आली, तर सीलची जागा, खाचा आणि सरळपणा लेथवाल्याकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकामी मारावी आणि दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून दोन्ही बाजूंच्या हबांची ऊब, सीलची कड आणि तेलाची पातळी बघावी. चाकांचे नट आणि यू-बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळावेत. नवे भाग ओझ्याखाली बसले की ते थोडे सैल पडतात. पुढची तपासणी हंगाम सुरू होण्याआधी ठेवावी : निफाड-पिंपळगावच्या द्राक्षांच्या गाड्यांची डिसेंबरात, देवगड-रत्नागिरीच्या आंब्याच्या गाड्यांची फेब्रुवारीत, आणि पाण्यातून जावे लागणाऱ्या सगळ्यांची पावसाळा संपल्या संपल्या. किलोमीटर, तारीख, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि घातलेल्या तेलाचा प्रकार एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी, म्हणजे मेस्त्री बदलला तरी त्याला पहिल्यापासून शोधत बसावे लागणार नाही.